उत्तराखालचं घड्याळ

प्रिय मेरिम,

हा कागद व्हॅनवाला ताईर तुझ्या शिवणकारखान्यात येऊन तुझ्याच हातात देईल. सासरच्या दारात जायचं नाही, असं त्याला दोनदा बजावलंय. माझं डोकं अजून गरगरतंय, पण जे झालं ते सांगते.

माझ्या जुन्या फोनात जागा नव्हती, म्हणून तू त्या गप्पांच्या साइटचं नुसतं चित्र पडद्यावर आणून ठेवलंस. 'ॲपच समज, आई,' म्हणालीस. मी समजले. जूनमध्ये मेंढ्या घेऊन वर कुरणावर गेले. तिथल्या टेकडीवर जरा रेंज येते, तिथंच तुझं विचारणं आलं: 'आई, मी परत येऊ का?' मी तंबूत आले, घोडीचं दूध घुसळता घुसळता विचार केला आणि उत्तर लिहिलं. चित्र दाबलं की तंबूतही सगळं उघडायचं, तुझा फोटो, तुझे शब्द. मग दुखऱ्या गुडघ्यानं टेकडी पुन्हा चढायची कशाला? उत्तराखाली एक छोटं घड्याळ होतं. मला वाटलं, तुला वेळ झाला की वाचशील. रोज बघायचे, घड्याळ आपलं तिथंच. अडीच महिने तुझ्यावर रुसून बसले होते गं मी.

परवा खाली उतरले. फोन अडखळत होता, म्हणून ते चित्र उघडायच्या आधीच तो फोनच्या दुकानातल्या बुरुलकडे दिला. तिनं ब्राउझर साफ केला, आणि आता ते चित्र पासवर्ड मागतंय, जो तूच घातला होतास. बुरुल म्हणाली, "अहो मावशी, ते ॲप नव्हतंच. ब्राउझरच्या पोटात होतं, त्याच्याबरोबर गेलं. आणि घड्याळ म्हणजे तुमचं उत्तर पोचलंच नव्हतं." मला निम्मंच कळलं, पण तेवढं पुरे होतं. तुझ्या फोनचं कार्ड नवऱ्यानं काढून घेतलंय असं ताईरकडून कळलं, तेव्हा हाक तरी कुठून मारू?

आपल्यात सासरी गेलेल्या लेकीला सांगतात, दगड पडला तिथंच जड, म्हणजे दिल्या घरीच राहायचं. माझ्या आईनं मला तेच सांगितलं होतं. माझ्या गप्प राहण्यातून तूही तेच ऐकलं असशील, या विचारानं जेवण जात नाही. मी तसं लिहिलं नव्हतं, मेरिम. मी लिहिलं होतं, 'ये. लोकांचं मी बघते.' हा कागद दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ताईर माघारी निघेल. त्याच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवलीय.

तुझीच,
आई