अकरा वेळा तपासलेला तक्ता

३ मार्च, सोमवार
आज प्रयोगशाळेत माझ्या सहीवाचून सात प्रमाणपत्रं अडकली. तपासायला आलेले दाबमापक ठीक, आकडे ठीक – सही मात्र होत नाही. चूक राहिली असेल तर? पुन्हा तपासते. पुन्हा. साहेब शांतपणे म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर तुला भांडारात बसवावं लागेल." कुणाला तरी दाखवायला हवं. ठरलं.

५ मार्च
मानसोपचाराचे इतके प्रकार! मला वाटायचं, एक कोच आणि एक रुमाल. सीबीटी – मनात येणाऱ्या विचाराकडे पुरावा मागायचा, वागणं बदलून बघायचं. दुसरी पद्धत बालपणापर्यंत खणत जाते, वेळ लागतो. एक मोठ्या आघातातून न सावरलेल्यांसाठी. एक अख्ख्या घराला समोर बसवणारी. आमच्या घराला? एकमेकांना बोलू देतील तर ना!

६ मार्च
सापडली! ईआरपी. ज्याची भीती, त्याला थोडंथोडं सामोरं जायचं – आणि तपासायची उबळ आली तरी तपासायचं नाही. माझ्या दुखण्यावर चक्क रीतसर पद्धत आहे! डबा खाताना एकटीच हसले.

९ मार्च, रविवार
तक्ता तयार. पाच थेरपिस्ट, नऊ रकाने, शंभरपैकी गुण. वहिनी डोकावली. "वन्सं, स्थळं बघताय होय? उंचीचा रकाना कुठाय?" कागद उलटा केला. मग सांगूनच टाकलं. ती थट्टा विसरून शेजारी बसली. "मग करा की फोन!"
म्हटलं, एकदा तपासून करते.

१२ मार्च
केला! सर्वाधिक गुणांच्या बाईंना. ईआरपीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, साधारण किती भेटी, गुण येण्याचं प्रमाण किती – सगळं विचारलं, तक्त्याचंही सांगून टाकलं. त्यांनी न चिडता सांगितलं. "शंभर टक्के हमी देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका." मग त्यांचा एकच प्रश्न – "हा तक्ता किती वेळा तपासलात?"
अकरा! मोजल्यात. दोघींनाही हसू आवरेना. शनिवारची वेळ घेतली.

१५ मार्च
तासभर त्यांनीच विचारलं. एवढं मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही.

२२ मार्च
गृहपाठ मिळाला! एक साधं प्रमाणपत्र. नियमाप्रमाणे एकदाच तपासणी, सही, पाकीट बंद. "अस्वस्थ वाटेल. वाटू द्या."

२४ मार्च, सोमवार
केलं! चाळीस मिनिटं छाती धडधडली, मग धडधड आपोआप उतरली. मी काहीही न करता! दर पाच मिनिटांनी नोंद घेऊन आलेखही काढला.

२७ मार्च
सोमवारच्या प्रमाणपत्रात चूक निघाली. खरीखुरी – तारीख चुकली होती. ग्राहकाचा फोन आला, नवं छापून दिलं. दहा मिनिटं लागली.
त्यानंतर आणखी सहांवर सह्या केल्या. एकेकदाच तपासून.