नमुना अल्बम विकू नये

मी, अक्षय चंद्रभान बाविस्कर, वय २६, धंदा छोटे कागदी अल्बम बनवून विकणे, राहणार सालवड, बोईसर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे. येत्या शुक्रवारी मुंबईत ती बदलणार आहेत. डॉक्टर "घाबरू नका" म्हणाले, पण इतक्या सवयीने म्हणाले की मी घाबरलो. साध्या कागदावर हाताने लिहिलेले मृत्युपत्र चालते, याची दोन ठिकाणी चौकशी केली आहे. आजारपणामुळे माझी शाळा नववीत सुटली. तरी प्रत्येक शब्द तपासून लिहिला आहे. अल्बमच्या पुठ्ठ्यावर एक अक्षर चुकले तर पुठ्ठा फेकावा लागतो, त्यामुळे ती सवय लागली आहे.

१. माझे जे काही आहे ते सर्व भाग्यश्री जिवल्या धोडी, मूळ गाव मासवण, हिला मिळावे. आम्ही दीड वर्षापासून या भाड्याच्या खोलीत एकत्र राहतो. मी तिला बायको म्हणतो. कायद्याने ती माझी कोणी नाही. माझ्यामागे तिला कोणी खोलीबाहेर काढू नये, माझ्या अंत्यविधीला तिला लांब उभे करू नये आणि "तू कोण?" असे विचारू नये, एवढ्यासाठी हे लिहिणे आहे.

लग्न का केले नाही, असे वाचणारा विचारेल. ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून मी रोज तिच्या विनवण्या करतो आहे की शुक्रवारच्या आत देवळात हार घालू. ती ऐकत नाही. म्हणते, "मरणाच्या भीतीनं लगीन नाय लावायचं. मला काय विधवा करायला नवरी करतोस? बरा होऊन ये, मंग हलद." तिची आई सोमीबाई तिच्याच बाजूने. त्या म्हणाल्या, "आमच्यात आधी नांदतात, लगीन सवडीनं लावतात. पोराच्या मांडवात आई-बापाचं राहिलेलंबी लागतं. तुला कसली घाई हाय?"

२. कापायची चटई, पोलादी पट्टी, कोपरे गोल करायचा पंच, गोंदाची बंदूक, रिबिनींचा डबा आणि सर्व जाड कागद भाग्यश्रीचे. कटरचे पाते तिने वेळच्या वेळी बदलावे. ती बोथट पात्यावर जोर देते आणि बोट कापून घेते. कागदाची पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये. तिथे ओल येते.

३. आमचे अल्बम बोईसरला दिग्विजयशेठच्या हस्तकला साहित्याच्या दुकानात दाराजवळच्या फळीवर असतात. तळहाताएवढे असतात आणि प्रत्येकाचा विषय वेगळा: बाळाचे पहिले वर्ष, शाळेचा शेवटचा दिवस, घिवलीच्या समुद्रावरची सहल, आणि कारखान्यातून निवृत्त होऊन गावी परतणाऱ्यांसाठी "येतो आता". ती फळी भाग्यश्रीकडेच राहावी, अशी दिग्विजयशेठना विनंती आहे. ते गिऱ्हाइकाला "मुंबईचा माल आहे" असे सांगतात. मी शेजारी उभा असतानाही सांगतात. छातीत धडधड होते म्हणून मी कधी भांडलो नाही. पण विसरलेलो नाही.

४. त्या फळीवरचा लाल पुठ्ठ्याचा लग्नाचा अल्बम नमुन्याचा आहे. तो विकू नये, दिवाळीच्या सवलतीतही काढू नये. माझे काही झाले तर तो त्याच दिवशी भाग्यश्रीच्या हातात द्यावा.

त्याची हकीकत लिहिणे भाग आहे, कारण पुढे कोणी त्याला लग्नाचा पुरावा म्हणेल आणि कोणी फसवणूक म्हणेल. रिकामा अल्बम वहीसारखा दिसतो, म्हणून कोणी घेत नाही. भरलेला ठेवावा लागतो. परक्यांचे फोटो विचारल्याशिवाय लावणे मला पटेना. तेव्हा भाग्यश्री दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "आपणच उभे राहू." पालघरहून नाटकाचे कपडे भाड्याने आणले. मुंडावळ्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळून मी केल्या. मंगळसूत्र दुकानातल्या काळ्या मण्यांचे. होमाच्या जागी बॅटरीच्या पणत्या ठेवल्या आणि दिग्विजयशेठनी मोबाइलवर फोटो काढले. सप्तपदीच्या फोटोत ती हसते आहे, कारण एक पणती विझली होती आणि मी मंत्र म्हणत म्हणत तिचा सेल बदलत होतो.

पुढे बाबांच्या कारखान्यातले लोक एका निवृत्तीसाठी अल्बम घ्यायला दुकानात आले. त्यांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी पाळीवर सगळे बाबांना म्हणाले, "चंद्रभान, पोराचं लग्न उरकलंस आणि आम्हाला पेढासुद्धा नाही?" बाबा तसेच घरी आले आणि त्यांनी मला विचारले, "कोण आहे ती?" नमुन्याचे फोटो आहेत, एवढे मी म्हटले असते तर तिथेच मिटले असते. मी म्हटले नाही. मला ते म्हणवेना. बाबांना तिची जात आडवी आली. "फोटोतलं लग्न फोटोत ठेव. माझ्या घरात आणू नको," म्हणाले. मी घर सोडले. ते मंगळसूत्र भाग्यश्रीने त्यानंतर गळ्यातून काढलेले नाही.

त्या अल्बमची शेवटची दोन पाने कोरी आहेत. तिथे माझा हार घातलेला फोटो लावू नये.

५. बाबांकडून मला काही नको आणि त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. त्यांनी या मृत्युपत्राला हरकत घेऊ नये. मी लहानपणी तापाने फणफणलो की ते मला खांद्यावर टाकून दवाखान्यात न्यायचे. तो खांदा मला आठवतो. शुक्रवारी फार आठवेल.

६. आईला "आपले गाव" हा अल्बम द्यावा. त्यात जळगावकडच्या आमच्या घराचे, विहिरीचे आणि आजीचे फोटो आहेत. त्यांच्या दुसऱ्या प्रती नाहीत.

७. भाग्यश्रीने पुढे कोणाशी लग्न केले तर तिला नावे ठेवू नयेत. हे लिहिताना माझा हात थांबला, तरी लिहिले आहे. फक्त त्या वेळी मुंडावळ्या कागदाच्या नसाव्यात.

सह्या घेताना जे घडले तेही नोंदवतो, म्हणजे नंतर कोणी सही खोटी म्हणणार नाही. साक्षीदार म्हणून खालच्या पिठाच्या गिरणीचे रामकिसनकाका आले. त्यांनी सगळे वाचले आणि म्हणाले, "मृत्युपत्र आहे का पोथी? चहा गार झाला माझा." दुसरे साक्षीदार दिग्विजयशेठ येणार होते. दुकान सोडता येत नाही, असा त्यांचा निरोप आला. एका साक्षीदारावर भागत नाही. तेवढ्यात आई जिना चढून आली. ती या खोलीत पहिल्यांदाच आली. भाग्यश्रीनेच तिला फोन केला होता, हे मला आता कळले.

काका तिला म्हणाले, "ताई, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला राहू नये. तुमच्या नावाने अल्बम आहे." आई अजून घरात खानदेशीच बोलते. ती म्हणाली, "माले काही नको. खोड ते. मंग चालेल ना मनी सही?"

म्हणून कलम सहा रद्द केले आहे. "आपले गाव" हा अल्बमही भाग्यश्रीचा.

मी बाबांचे विचारले. आई म्हणाली, "तुना बाप खाले गाडीवर बठेल शे. वर चला म्हनं, आयकत नही. पन गाडी बंद करेल शे."

बाबा कुठेही आईला सोडायला गेले की गाडी चालू ठेवतात आणि घाई करतात. मी खिडकीतून पाहिले. गाडी बंद होती, आणि हेल्मेटही काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते.

वर लिहिलेले वाचून, बरोबर असल्याची खात्री करून, दोघा साक्षीदारांसमोर सही करतो. त्यांनीही माझ्यासमोर सही करून आपले नाव, पत्ता आणि भाग्यश्रीशी नाते स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

ठिकाण: सालवड, बोईसर, जि. पालघर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) अक्षय चंद्रभान बाविस्कर

साक्षीदार १: (सही) रामकिसन, पिठाची गिरणी, सालवड. नाते: शेजारी

साक्षीदार २: (सही) मैनाबाई चंद्रभान बाविस्कर, सालवड. नाते: सासू