मोराच्या मानेतला कोरा चौकोन

५ जानेवारी, सोमवार
अमृतानं टॅबवर पाच कॉमिक्स पाठवली. नात तिकडं अमेरिकेत चित्रकला शिकते. तिथल्या ब्लॅक लोकांच्या कॉमिक्सना आणि ती करणाऱ्यांना दरवर्षी पुरस्कार असतात म्हणे. त्याआधी ही इंटरनेटवरच्या आपल्या पानावर 'माझी पसंती' लिहिते. यंदा शेजारी आजोबांचीही छापणार. तीन निवडायची, १६ पर्यंत.
नावांची पानं सगळ्यांतून काढलीत. का? "आधी पुस्तक, मग नाव, आजोबा."
ठीक. शाळेत कविता पाठ असायची, कवी विचारला की वर्ग गप्प. तरी मनात आलंच. नाव लपवलंय म्हणजे काहीतरी लपवलंय.

७ जाने.
डिक्शनरी घेऊन तीन संपवली. न्हाव्याच्या दुकानाचं चांगलं. गिऱ्हाइकानं मान खाली घातली की त्याचं बालपण सुरू. बस चालवणाऱ्या बाईचं त्याहून बरं. उडणाऱ्या वीराच्या पुस्तकात डोळा लागला.

९ जाने.
चौथं. गावात पूर, आजी घर सोडत नाही. माळ्यावर बसून नातीला गाणं म्हणते, पाणी एकेक पायरी चढतं. शब्द थोडे. पण चौकटींना चाल आहे. गुरुजी कविता म्हणताना टेबलावर बोटांनी ठेका धरायचे, तशी. दोनदा डोळे पुसले. हाच पहिला नंबर.
पाचवंही वाचलं. डोक्यात शिरलं नाही.

१० जाने.
त्या आजीच्या अंगावर चादर आहे. मोराची. बोटांनी चित्र मोठं केलं. डावीकडच्या मोराच्या मानेत एक चौकोन कोरा.
माझा चौकोन! कारखान्यात मास्तर होतो, चादरीची नक्षी ग्राफच्या कागदावर काढायचो तेव्हा दरवेळी एक घर मुद्दाम सोडायचो. नक्कल मारणारा तेही सोडतो, आणि सापडतो. मागवाल्यांची निम्मी भवानी पेठ माझ्यावर खार खाऊन होती.
म्हणजे हे अमृतानं काढलंय? आणि आजोबाकडून स्वतःलाच पहिला नंबर...

१२ जाने.
हमीदभाई आले. माझ्या ग्राफवरून मागावर चढवायचे पुठ्ठ्याचे पत्ते पंच करायचे ते. दाखवलं. चौकोन झटक्यात ओळखला. खूश!
"क्या मास्तर, अपना मोर अमरीका गया, और तुम रोते बैठे?"
म्हटलं, अहो, पुरस्कार त्या लोकांचा. कुणी विचारत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतः उभा केलेला. त्यात आमच्या पोरीनं गुपचूप हात घातला असेल, तर खऱ्याची जागा जाते.
"और नै डाली होगी तो?"
मी मोर पुन्हा मोठा करून पाहिला.
"पोरी पे शक, मोर पे शक. अब चा पे बी शक है क्या? थंडी होरी, पिओ."

१३ जाने.
सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, ती चादर मीच घातली की तिच्या बॅगेत. तिकडं लई थंडी."
मग तिच्याच खोलीवर राहणाऱ्या मैत्रिणीनं बघून काढली? तिची आजी पुरात... असं काहीतरी अमृता मागं सांगत होती. मी नीट ऐकलं नव्हतं. पण मग मैत्रिणीसाठी माझं मत? तेही बरं नव्हे.
संध्याकाळी फोन केला. "चौथं कुणाचं गं?" "नियम म्हणजे नियम, आजोबा!" आणि हसली. त्या हसण्याचा काही भरवसा नाही.

१५ जाने.
सगळे गड्ड्याच्या जत्रेत. मी घरी. चौथं वगळून यादी केली, मोठ्यानं वाचली. खोटी वाटली. बसवाली बाई पहिली, म्हणे! तिच्याशी भांडण नाही, पण मोठं कुठलं ते मला ठाऊक आहे. नुसत्या शंकेपायी कधी न पाहिलेल्या माणसाचं नाव खोडायचं? जन्मभर नक्कल मारणारे म्हणून ज्यांना पकडलं, त्यातला एखादा तरी निर्दोष असेल...
फाडली.

१६ जाने.
सकाळी पाठवली. पहिलं पुराचं, दुसरं बसचं, तिसरं न्हाव्याचं. खाली लिहिलं: "पहिल्यातली चादर माझ्या नक्षीची आहे, हेही छाप. तू स्वतः काढलं असशील तर ते खोड आणि बाकीची वर घे. दुसऱ्या कुणाचं असेल तर शंका घेतल्याबद्दल त्या माणसाची माफी माग, माझ्या वतीनं."
गेल्यावर वाटलं, फार लिहिलं.
संध्याकाळी सूनबाईंची हाक. "मामंजी, अमृताचा व्हिडिओ कॉल! शेजारी आपली मोराची चादर पांघरून कुणीतरी मुलगी बसलीय, तुम्हालाच विचारतेय. या की!"
सदरा बदलून जातो.