कामठीहून सुटलेला ऑटो

८ जाने., गुरु.
सुधाचा फोन. भावाकडे कामठीला गेल्यापासून, तीन महिन्यांत पहिला. "रविवारी येईन. दहाले निघीन." राहायला, की उरलेल्या साड्या न्यायला? विचारायची हिंमत झाली नाही. रिटायर झाल्यापासून मी तिच्या प्रत्येक कामाला घड्याळ लावत बसलो. जाताना म्हणाली होती, "तुमची शाळा सुटली, माही नाही सुटली." पस्तीस वर्षं वेग-वेळ-अंतर शिकवलं, खोड जात नाही.

१० जाने.
घर पुसलं. कामठी ते घर १६ किमी. ऑटो ताशी ३२ धरला. अर्धा तास. म्हणजे साडेदहाला दारात. पोहे सव्वादहाला भिजवायचे.

११ जाने., रवि.
गाढव मी. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. पोहे गार. फोन उचलेना. अकराला वाटलं, ऑटो बिघडला असेल, वाटेत उभी असेल. कुलूप लावून स्कूटरवर निघालो. रस्ताभर कडेला बघत कामठी गाठली. तिचा भाऊ दारातच.
"भाऊजी, ताई तं तुमच्याकडेच गेली! ऑटो भरेना, पाऊण तास स्टँडवर बसून होतो आम्ही."
सीट भरल्याशिवाय शेअर ऑटो हलत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मात्र दहाला सुटला धरून बसलो. समोरून गेलेल्या कुठल्यातरी ऑटोत ती होती.
परत आलो. दाराला माझंच कुलूप. शेजारच्या मंदाताई: "सर, काहून गेले हो? वैनी अर्धा तास पायरीवर बसून होत्या. मोठी बॅग होती संगं."
भरलेली की रिकामी?
"आता मी काय उचलून पाह्यली का?"

१२ जाने.
आज फोन उचलला. कुलूप पाहून तिला वाटलं, मी मुद्दाम गेलो. सगळं सांगितलं, ताशी ३२ सकट. म्हणाली, "पाहीन पुढच्या रविवारी. वेळ नका विचारू."
नाही विचारली. बॅगचंही नाही.
फार आठवण येते तिची. इथे लिहितो, तिला कधी म्हटलं नाही. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा. दूध-पाव.

१८ जाने., रवि.
दार उघडं टाकून बसलोय. सकाळीच कुलूप किल्लीसकट मंदाताईंकडे देऊन आलो.
"आन् आज नाही आल्या तं?"
म्हटलं, तरी राहू द्या तुमच्याकडेच.