सोबत येणार: नाही

दि. ९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं बरे असाल. मीही बरी आहे, फक्त डावा खांदा कुरकुरतो. कुरकुरू दे, त्याची कुरकुर ऐकायला मी काय त्याची सासू आहे? फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मुंगी कान टवकारून शेजारी बसते, म्हणून. हे वाच आणि तिच्या हाताला लागणार नाही असं ठेव. हल्ली ती दिसेल ते वाचते, असं तूच सांगितलंस.

बातमी मोठी आहे. मालकांनी मला नोकरीचं पत्र दिलं! साडेनऊ वर्षं त्यांच्या लॅबमध्येच राबतेय, मग आता कसलं पत्र, असं वाटेल तुला. अगं, हे वेगळं. आजवर या देशात राहून काम करायचा माझा परवाना दोन-दोन वर्षांचा होता, आणि या सप्टेंबरात संपला की पुन्हा मिळायचा नाही. आता कुशल कामगार म्हणून कायम राहण्याचा अर्ज करायचा. त्याला मालकाचं असं पत्र लागतं: नोकरी पूर्णवेळ आहे, हंगामी नाही, पगार इतका, आणि या बाईसारखं काम करणारं माणूस आम्हाला इथे मिळत नाही. सोबत माझ्या कामाची यादी. "जबड्याच्या साच्यावरून पूर्ण कवळी तयार करणे. मेणात दात बसवून चावा तपासणे." वाचून मलाच माझा आदर वाटायला लागला. आई म्हणायची ना, ही पोरगी नुसती दात काढत बसते, हिचं कसं व्हायचं? बघ म्हणावं, दात बसवून पोट भरतेय.

पत्राच्या शेवटी मालकांनी आपल्या मनाने एक ओळ घातली आहे. ती नाही सांगत.

मालक म्हातारे आहेत, कानाने अर्धे, पण माणूस लाखात एक. टाइप केलेलं पत्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. मी मान डोलावत होते. खोलीवर येईपर्यंत ते पत्र मी हातातच धरून होते, पिशवीत ठेवायचा धीर झाला नाही.

एक काम कर. मुंगीचा जन्मदाखला पाठव. वकीलबाई म्हणतात, सगळे कागद हाताशी असलेले बरे. विशेष काही नाही.

तुझ्या नवरोबांना नमस्कार. मुंगीला पापा. तिचा गणिताचा पेपर कसा गेला ते कळव.

तुझी,
ताई

दि. ६ एप्रिल

प्रिय धाकटे,

पाकीट मिळालं. मी जन्मदाखला मागितला होता, तू शाळेचा दाखला पाठवलास. चुकून पाठवलास असं म्हणू नकोस. तू लहानपणापासून चुकून काही केलेलं नाहीस.

आईचं नाव: आणि पुढे तुझं नाव. वडिलांचं नाव: तुझ्या नवऱ्याचं. टाइप केलेलं, खाली शिक्का. बाई गं, मला आधी इतका राग आला! कामाच्या टेबलावर साचा होता, तो हातातून सुटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एका आजोबांचा खालचा जबडा. पुन्हा माप द्यायला बोलवावं लागलं बिचाऱ्यांना.

रात्रभर तुला शिव्या घातल्या. सकाळी मात्र आठवलं, की पहिली थाप माझीच.

हे तुला कधी सांगितलं नाही. बोलू बोलू म्हणत दहा वर्षं गेली. इकडे येताना जो पहिला अर्ज भरला, त्यात "मूलबाळ" असा रकाना होता. एजंट म्हणाला, बाई, एकट्या आहात असंच लिहा, लेकरू मागे ठेवून जाणारीला हे लोक परवाना देत नाहीत. तिचा बाप तर ती पोटात असतानाच पसार झालेला. आई आजारी, घरात कमावतं माणूस नाही. मुंगी माझ्या मांडीवर होती, दीड वर्षाची, माझ्या हातातलं पेन ओढत होती. मी तिचा हात बाजूला केला आणि लिहिलं: नाही.

असं लिहिलं मी. एका हाताने तिला धरून.

म्हणजे बघ, मी लिहिलं मला मुलगी नाही, आणि पाच वर्षांनी तू लिहिलंस तुला आहे. आपल्या दोघींचे कागद एकमेकांशी अगदी बरोबर जुळतात. आमच्याकडे नव्या पोरींना मी शिकवते, की समोरचा एक दात जरा वाकडा बसवा. सगळे एका रेषेत आले की लांबून कळतं, खोटे आहेत. आपल्या कागदांत एकही दात वाकडा नाही, धाकटे.

तुला दोष देत नाही. शाळेत क्लार्कने "आई कोण?" विचारल्यावर मुंगीनेच तुझ्याकडे बोट दाखवलं असणार. आणखी कोणाकडे दाखवणार? ती तीन वर्षांची असताना तू तिच्या कानाला फोन लावून म्हणालीस, "मावशीशी बोल." ती म्हणाली, "मावशी, काय करतेस?" त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं, अगं, मी आई. मी म्हणाले, "दात करतेय गं." ती खदखदून हसली. तिला हसवल्यावर दुरुस्त कुठे करत बसू? मग पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माय मेली नाही, तिनेच आपलं नाव बदलून घेतलं.

जन्मदाखल्यावर माझं नाव आहे. तो तुझ्या कपाटात आहे, मला माहीत आहे. पाठव.

ताई

दि. २५ मे

प्रिय धाकटे,

तू फोन केलास आणि एकच वाक्य बोललीस, "ताई, तिला नेऊ नकोस," आणि ठेवून दिलास. मी तसाच फोन कानाला लावून जिन्यात बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा माझ्या अंगावरून गेल्या, दोन्ही वेळा मी सरकले नाही.

आता सगळं सांगते, नीट वाच.

मालकांनी पत्रात घातलेली ओळ ही: "यांना मूलबाळ, पाश काही नाही, त्यामुळे या आपला सर्व वेळ कामाला देतात." कौतुक म्हणून घातली होती गं! सांगितलेलं मीच होतं, पहिल्याच दिवशी, खुर्चीवर नीट टेकायच्या आधी. आता तेच माझ्या नोकरीच्या कागदावर, त्यांच्या सहीनिशी. मी खोटं बोलले तर बोलले, पण त्या म्हाताऱ्याच्या सहीने कशाला बोलू?

जेवणाच्या सुट्टीत गेले आणि म्हणाले, "मालक, ही ओळ काढा."

"का? चांगली आहे की."

"चांगली आहे, पण खरी नाही. मला मुलगी आहे."

त्यांना नीट ऐकू आलं नाही. म्हणाले, "काय आहे?" मग मला ओरडून सांगावं लागलं. "मुलगी आहे! अकरा वर्षांची!" सगळी लॅब थांबली. दहा वर्षांत पहिल्यांदा बोलले, आणि तेही बोंबलून. मला हसू आलं, आणि हसता हसता अशी रडले की प्लास्टर कालवणारी पोरगी पाणी घेऊन धावली.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाव काय तिचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग साडेनऊ वर्षं शनिवारी जादा काम कशाला देत होतो मी तुला?" तिथेच बसून त्यांनी ती ओळ काढून नवं पत्र केलं.

वकीलबाईंनी मात्र दोनच वाटा सांगितल्या. मुलीचं नाव लिहिलं नाही, तर बहुतेक अर्ज मंजूर होईल, पण ती कायद्याने कधीच माझी व्हायची नाही, पुढे मनात आलं तरी बोलावता यायचं नाही. लिहिलं, तर दहा वर्षांपूर्वीची थाप उघडी पडेल आणि बहुतेक सगळंच जाईल. वर म्हणाल्या, "तुमचे दुसरे कागद तर छान जुळतायत. शाळेत आई म्हणून बहिणीचं नाव आहेच." म्हणजे गप्प बसा. शहाणं माणूस गप्पच बसलं असतं.

आणि तुझं वाक्य ऐकून तर गप्प बसणंच सोपं होतं. तुला मूल नाही. तिचे ताप, तिचे दुखरे कान, शाळेतली भांडणं, सगळं तू काढलंस. मी दर महिन्याला कपडे पाठवले, तेही मापाने लहान. माझ्या डोळ्यांपुढची मुंगी नेहमी तुझ्या मुंगीपेक्षा एक वर्षाने लहानच राहिली.

मग चार दिवसांनी तुझं पाकीट आलं. आत जन्मदाखला. चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. नेऊ नकोस म्हणतेस आणि न्यायचा कागद स्वतःच्या हाताने पाठवतेस! ते पाकीट बंद करताना तुझं काय झालं असेल ते मला कळतं गं. मी तुझी ताई आहे.

म्हणून काल मी असं लिहिलं. मुलं: एक. नातं: मुलगी. तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख. अक्षर चांगलं आलं. पुढे रकाना: सोबत येणार? मी लिहिलं: नाही. त्यापुढे: कारण.

तिथे मी लिहिलं, "ती तिच्या आईजवळ राहते."

वकीलबाई म्हणाल्या, "असं कसं चालेल? अर्जात आई तुम्ही आहात." मी म्हणाले, "हो." "मग ती कोणाजवळ राहते?" "आईजवळ." त्यांनी पेन खाली ठेवलं. "अधिकाऱ्याला काही कळायचं नाही." मी म्हणाले, "बाई, या अर्जात खरं लिहा म्हणून पहिल्याच पानावर बजावलंय. याच्यापेक्षा खरं मला येत नाही."

तसाच पाठवला.

एवढं झाल्यावर माझं काय होईल ते होवो. मी तिला नेणार नाही. पण दुसऱ्यांदा तिला "नाही" लिहिणं माझ्याच्याने झालं नसतं, हे तुला कळेल ना? रागावू नकोस.

ताई

दि. २ डिसेंबर

प्रिय धाकटे,

उत्तर आलं. नामंजूर. नोकरीचं पत्र योग्य, काम योग्य, अनुभव भरपूर. पण आधीच्या अर्जात मूल लपवलं, म्हणून पाच वर्षं नव्याने अर्ज करायचा नाही. अर्ज चालू होता तोवर राहायची मुभा होती, ती संपली. जानेवारीच्या वीस तारखेच्या आत निघायचं. एक पान आहे सगळं. मुंगीचं नाव त्यात दोनदा आलंय, छापील, माझ्या नावाच्या खाली. ते मी बराच वेळ बघत बसले.

रडले. खोटं कशाला बोलू? भिंतीला डोकं टेकून रडले. इथली खिडकी, माझं टेबल, माझी मेणाची सुरी, दहा वर्षं ज्या बेसिनवर हात धुतले ते बेसिन, सगळं सोडायचं म्हणजे काही गंमत नाही. मालकांनी माझी हत्यारं स्वतः कापडात गुंडाळून आणून दिली आणि म्हणाले, "तिकडेही लोकांचे दात पडतातच की." आणि आत निघून गेले.

आता महत्त्वाचं. घाबरू नकोस. मी तुमच्याकडे राहणार नाही. दोन गल्ल्या सोडून एखादी खोली बघून ठेव, तुझ्या नवरोबांना सांग. मी परत येतेय, परत मागायला येत नाही. शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे ते राहू दे. उद्या ती मोठी झाली, काही कानावर आलं, तर आपण दोघी मिळून सांगू. त्याआधी मी एकटी तोंड उघडणार नाही. एवढा माझ्यावर भरवसा ठेव, मी तो आधी मोडलेला असला तरी.

फक्त एक ऐक. तिला विमानतळावर आणू नकोस. फोनवर आवाज सांभाळायला मी शिकले, पण चेहऱ्याचं मला सांगता येत नाही. तू एकटीच ये. घरी गेल्यावर मी तोंड धुईन, चहा पिईन, दोन मिनिटं बसेन. मग तिला बाहेरच्या खोलीत हाक मार, आणि तुझा नेहमीचा आवाज काढून सांग, "बघ, मावशी आली."

तू आधी म्हण. मग मीही म्हणेन.

तिची,
मावशी