फणसाचं चौथं पान

अहो,

बंदरावर मासळी आणायला जाते. चुलीवर पेज आहे, ती घ्या. रात्री तुम्ही आलात तेव्हा मी बोलले नाही. तीन वर्षांत बोटीवरून तुमची एक ओळ आली नाही, मग एकदम काय बोलू?

चिमाने ओळखलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नका. उठली की ती ओटीवर भातुकलीची पंगत मांडते. त्यातूनच मी तिला मोजायला शिकवते. आजी, आई आणि ती, प्रत्येकीला फणसाचं एक पान, पानावर दोन चिंचोके. पण ती रोज चौथं पान मांडते आणि मोकळंच ठेवते. मी म्हटलं, "चुकलीस गो, उचल ते." तर म्हणते, "त्याच्यावर काय नाय, पण पान बाबाचा हाय." आणि चिंचोके मोजले ते बरोबर सहा! मास्तरांच्या छडीखाली मी पाटीवर पूज्य, म्हणजे शून्य, गिरवलं, पण ते असं कधी दिसलं नव्हतं. मग ते पान मी तसंच राहू दिलं.

आज त्या पानावर जाऊन बसा. चिंचोके मागू नका, तिचं तिला ठरवू दे.

आल्यावर मी तिला विचारीन, सगळे चिंचोके मिळून किती झाले. मग आपण बोलू.

मथुरा