परमनंट सज्जन

१२ जून २००८
केस जिंकलो. शेजारच्या शेतवाल्या केवळरामने मधला धुरा सरकवून माझी हातभर धानाची बांधी खाल्ली, म्हणून मी त्याला फावड्याच्या दांड्याने समजावलं होतं. कोर्टाने गुन्हा धरला, पण जेल नाही. एक वर्ष प्रोबेशन. चांगलं वागायचा बाँड लिहून दिला. मेहुणा सुखराम जामीन राहिला. वकील म्हणाला, वर्षभर वागणूक पाहतात. पाहा म्हणावं! आमगावच्या पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं, निर्दोष सुटलो. रुख्मा म्हणते, "सुटले नाही, बांधून ठेवलं तुमाले." बायकोला कायदा कळत नाही.

१ जुलै
पोरगा लोकेंद्र गोंदियाला राइस मिलच्या ऑफिसात लागला. त्यालाही प्रोबेशन, सहा महिने. वेळेवर यायचं, उलट बोलायचं नाही, मग परमनंट. म्हणजे मीही वर्षभराने परमनंट सज्जन. पोराला बापाचा सल्ला दिला: शेठने आवाज चढवला तर आपण दुप्पट चढवायचा. तो बॅग भरत होता.

१९ जुलै
धानाचा रोवणा सुरू. केवळरामने माझ्या बांधीचं पाणी फोडलं. हरामखोर. हात लावला नाही. फक्त बोललो. बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२३ जुलै
प्रोबेशन ऑफिसर आली. उर्वशी मॅडम. लोकेंद्रच्या वयाची पोरगी. म्हणे, शिवीगाळही चालत नाही. बाँडात 'शांतता' लिहिलंय, 'शिवी' कुठे लिहिलंय ते दाखवा, असं तिला नीट समजावलं. अर्धा मोहल्ला गोळा झाला. छाप पडली.

१० ऑगस्ट
मॅडमचं तोंड बंद करायला दीक्षा घ्यायचं ठरवलं. गळ्यात तुळशीची कंठी दिसली की प्रश्न खलास. सालेकश्याकडे जंगलात एका महाराजांचा आश्रम आहे, तिथे गेलो. महाराज म्हणाले, आधी सहा महिने राग सोडून दाखवा, मग कंठी. इथेही प्रोबेशन! आजच्या आज काऊन नाही देत, एवढंच विचारलं. थोडा आवाज वाढला असेल. चेल्यांनी दोन्ही दंड धरून फाटकापर्यंत पोचवलं. असल्या महाराजाची कंठी आपल्यालाच नको.

५ ऑक्टोबर
केवळराम रस्त्यात रामराम घालतो. मी भडकावं म्हणून. भडकलो नाही. थुंकलो, पण दुसऱ्या बाजूला.

२८ ऑक्टोबर
दिवाळी. लोकेंद्र आला नाही. सुट्टी नाही म्हणे. मिलच्या शेठला फोनवर झापणार होतो. रुख्मा नंबर देत नाही. मायलेकरांचं काहीतरी शिजून राहिलं.

२२ नोव्हेंबर
मॅडम चौकशीला गावात. केवळरामच्या अंगणात खाटेवर बसून चहा पीत होत्या. तो सांगत होता, "परसराम आता सुधरून राहिला, मॅडम." मला सर्टिफिकेट देणारा हा कोण? आत जाऊन तेच विचारलं. विचारता विचारता खाट उलटली. मॅडम खाटेवरच होत्या.

७ जानेवारी २००९
पुन्हा कोर्ट. दंड झाला. ही शेवटची संधी, असं साहेब म्हणाले. सुखराम फितूर निघाला, जामीन राहायला तयार नाही. सोमवारपर्यंत नवा जामीनदार आणा, नाहीतर आत. काळजी नाही. लोकेंद्र परमनंट झाला, पगारदार आहे. बापासाठी धावत येईल. रुख्मा म्हणाली, "मिलमध्ये नोको जाऊ." कायले विचारलं तर चुलीकडे तोंड फिरवलं. उद्या जातोच.

८ जानेवारी
मिलमध्ये गेलो. लोकेंद्र बँकेत गेला होता. मुनीमजींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, लोकेंद्रच्या गावाहून आलो, घरचं काम आहे. म्हणाले, "हाँ, बेचारे के पिताजी नहीं हैं न. नौकरी लगने से पहले ही गुजर गए."

ओरडलो नाही. ग्लास टेबलावर ठेवला. थोडं पाणी सांडलं, ते धोतराच्या सोग्याने पुसलं. लोकेंद्र यायच्या आत उठलो. मिळेल त्या पॅसेंजरने परत आलो. जामीनदाराचं अजून काही नाही. रुख्माला सांगितलं, पोरगा भेटला नाही.

निघताना मुनीमजी म्हणाले, "बड़े शांत आदमी थे, लोकेंद्र बताता है. कभी किसी से ऊँची आवाज में बात नहीं की. आप तो जानते होंगे?"

हो म्हटलं. शांतच होते.